संध्याकाळपुरता दिवस

दिवस चोवीस तासांचा असतो हे आपण शाळेत शिकतो आणि मग जन्मभर त्याच्या उलट अनुभव घेत राहतो. दूधवाल्याचा दिवस पहाटे तीनला उजाडतो. रात्रपाळीवाल्याचा दिवस सूर्य मावळल्यावर उगवतो. आणि परीक्षेच्या आदला दिवस तर कधी आला नि कधी सरला, हे खुद्द विद्यार्थ्यालाही सांगता येत नाही. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत असाच आणखी एक दिवस नांदत होता. तो दिवेलागणीच्या सुमाराला सुरू होई आणि रात्री दहाच्या आगेमागे संपे. त्याला सकाळ नव्हती, दुपार नव्हती. होती ती नुसती संध्याकाळ. हा दूरदर्शनचा दिवस.

आज हे कुणाला सांगितले तर खरे वाटत नाही. माझा नातू विचारतो, "मग बाकीच्या वेळी टीव्हीवर काय दिसायचे?" मी म्हणतो, "काही नाही." तो म्हणतो, "म्हणजे काय दिसायचे?" या प्रश्नाला उत्तर नाही. 'काही नाही' ही वस्तू त्याने कधी पाहिलेलीच नाही!

थोडा इतिहास सांगितला पाहिजे. आपल्या देशात दूरचित्रवाणी आली ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत, आणि तीही आकाशवाणीचे एक लहानसे बिऱ्हाड म्हणून. आपले पु. ल. देशपांडे तेव्हा त्या बिऱ्हाडात होते. विलायतेत बीबीसीमध्ये ही विद्या शिकून आलेले. पंडित नेहरूंची भारतीय दूरचित्रवाणीवरची पहिली मुलाखत त्यांनी घेतली. म्हणजे या यंत्राच्या पाळण्याची दोरी एका मराठी विनोदकाराच्या हातात होती, असे म्हणायला हरकत नाही. पण ते मूल मुंबईला यायला पुढे तेरा वर्षे लागली. २ ऑक्टोबर १९७२ला, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, वरळीचे केंद्र सुरू झाले. वर्ष कोणते, तर महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाचे. रेशनवर तांबडा मिलो मिळत होता, खेडोपाडी माणसे खडी फोडायच्या कामावर जात होती. आणि इकडे मुंबईत चित्रे हवेतून येऊ लागली होती. एकाच वर्षाच्या ओटीत नियती काय काय घालते पाहा.

आम्ही राहत होतो विठ्ठलवाडीला. मुंबईकडून जाताना कल्याण सोडले की कर्जतच्या फाट्यावरचे हे पहिलेच स्टेशन. कल्याण जिथे संपते आणि उल्हासनगर जिथे सुरू होते, त्या सांध्यावरची आमची वस्ती. पाठीशी वालधुनी नदी, दक्षिणेला मलंगगडाचा सुळका, आणि मधून रेल्वेचे रूळ. वरळी आमच्यापासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. पण सरळ रेषेत जायचे कुणाला जमते? आमच्या नि वरळीच्या मध्ये पारसिकचा डोंगर आडवा पडलेला. वरळीचा मनोरा तीनशे मीटर उंच असला, तरी त्याच्याकडून निघालेली चित्रे डोंगर ओलांडून आमच्यापर्यंत येता येता दमून जात. म्हणून मग कौलांवर उंच लोखंडी नळ उभारायचा, त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा तो माशाच्या काट्यासारखा सांगाडा बसवायचा, आणि त्याचे तोंड नैर्ऋत्येला करायचे. एक जण कौलांवर, एक जण अंगणात, एक जण टीव्हीसमोर. "आले का?" "आले! आले! गेले!" या तीन शब्दांत आमच्या वस्तीतल्या कितीतरी संध्याकाळी सामावलेल्या आहेत. चित्र गेले की पडद्यावर पांढऱ्या-काळ्या मुंग्या येत. मुंग्याच म्हणत असू आम्ही त्यांना. दुसरा शब्द आम्हांला ठाऊक नव्हता.

चाळीत टीव्ही आमच्याकडे नव्हता हे सांगायला नकोच. बाबा अंबरनाथला कारखान्यात. पगार हातात पडे तेव्हा त्याला वाटा आधीच फुटलेल्या असत. टीव्ही होता तो चाळीच्या समोरच्या बैठ्या घरात. ते कुटुंब सिंधी. फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत आलेले, कापडाच्या धंद्यात थोडे स्थिरावलेले, आणि मग रूळ ओलांडून आमच्या बाजूला घर घेतलेले. घरात मुलगा, सून, दोन नातवंडे आणि एक म्हातारी. सारी चाळ त्या म्हातारीला 'अम्मा' म्हणे. टीव्ही १९७५ साली आला. लाकडी पेटी, तिला सरकती दारे, दारांना कुलूप, आणि कुलपाची किल्ली अम्मांच्या कमरेला. पोस्टात परवान्याची फी भरलेले पुस्तक देवाच्या फोटोमागे.

वस्तीत टीव्ही आणखी एका घरी होता. त्या घरी आम्ही मुले पहिल्यांदा गेलो, तेव्हा दार आतून लावून घेण्यात आले. खिडकी उघडी होती म्हणून आम्ही खिडकीशी उभे राहिलो. तर थोड्या वेळाने पडदाही ओढला गेला. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला अपमान हा शब्द लिहिता येत नसला तरी कळतो. अम्मांच्या घरी मात्र दार उघडे असे. नुसते उघडे नव्हे. आम्ही ओसरीवर चपला काढताच अम्मा प्रत्येकाच्या हातात भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला देत. आल्यागेल्याला पापड-पाणी देणे ही सिंधी घरांची रीत आहे. ज्यांनी स्वतःचे घरदार मागे टाकले, त्यांचे दार उघडे. आणि ज्यांचे कधी काही गेले नव्हते, त्यांचे बंद. याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

आता त्या दिवसाचा क्रम ऐका. आधी घरंगळत यायची ती केंद्राची खूण. १९७६च्या १ एप्रिलला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, तेव्हापासून दोन वळसे फिरत फिरत एकमेकांत बसत आणि सनईचे ते सूर लागत. मग निवेदिकेचा नमस्कार. आम्ही मुले तिला उलट नमस्कार करीत असू, आणि ती आपल्याला पाहत नाही यावर आमचा पुरता विश्वास बसलेला नव्हता. मग मुलांचा 'किलबिल', किंवा शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', मग मराठी बातम्या. बातम्या वाचायला कधी भक्ती बर्वे, कधी स्मिता पाटील, कधी प्रदीप भिडे. गुरुवारी 'छायागीत', शुक्रवारी तबस्सुमबाईंचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. मधूनच 'गजरा', आणि पुढे प्रभावळकरांचा चिमणराव, ज्याला पाहून चिं. वि. जोशी वाचलेली म्हातारी माणसे आधी नाक मुरडीत आणि मग पोट धरून हसत. 'साप्ताहिकी'त पुढल्या आठवड्यात काय काय लागणार ते सांगत. ती ऐकताना आमच्यातला एकजण वहीत टिपून घेई आणि ते पान चाळीच्या जिन्याशी लावी. मध्येच चित्र थांबे आणि 'व्यत्यय' अशी पाटी झळके. तो शब्द शाळेच्या पुस्तकात आम्हांला कधी भेटला नाही. पडद्यावर मात्र इतक्यांदा भेटला, की त्याचे शुद्धलेखन एकाही पोराचे चुकत नसे.

आणि मग शेवट. निवेदिका निरोप घेई, पडदा काळा होई, अम्मा उठून बटण दाबीत. पडद्याच्या मध्यावर एक पांढरा ठिपका उरे; तो लहान लहान होत विझून जाई. तो विझेपर्यंत कुणी उठत नसे. मग सगळी माणसे एकदम उठत. जिन्यावर गलका होई. दहा मिनिटांत साऱ्या चाळीचे दिवे मालवलेले असत.

या दिवसाचा माझ्या आईला जो लाभ झाला तो मला फार उशिरा कळला. माझी आई त्यापूर्वी संध्याकाळी बसलेली मी पाहिलीच नव्हती. बाबा पाळीवरून येत, चहा, मग भाकऱ्या, मग पाने, मग उष्टी-खरकटी, मग उद्याच्या डब्याची भाजी निवडणे. बसणे म्हणजे भाजी निवडायला बसणे. पण 'प्रतिभा आणि प्रतिमा' नावाचा एक कार्यक्रम असे. त्यात लेखक-कवी येऊन बोलत. आई सातवी शिकलेली. वाचनालयातून दिवाळी अंक आळीपाळीने येत, ते ती रात्री चिमणीच्या उजेडात वाचून संपवी. ज्यांची नावे तिने त्या अंकांत वाचली होती, त्यांचे चेहरे आता समोरच्या घरात दिसू लागले. पहिल्यांदा ती गेली तेव्हा दाराच्या चौकटीशी उभी राहिली, पदर सावरीत, कुणी बोलावले तर लगेच निघता यावे अशी. अम्मांनी तिचा हात धरून तिला सतरंजीवर बसवले आणि म्हणाल्या, "बैठो बेटी, रोटी कहीं भागती नहीं."

बाबांना आरंभी ते रुचले नाही. एक-दोन दिवस घरात अबोला होता. पण कार्यक्रमाची वेळ ठरलेली होती, आणि ठरलेल्या वेळेला एक अधिकार असतो. "साडेआठला तो कार्यक्रम आहे" असे आईला म्हणता येऊ लागले. "मला जरा बसायचे आहे" असे ती जन्मात म्हणू शकली नसती. पुढे पुढे बाबा स्वतःच म्हणू लागले, "अगं, तुझी वेळ झाली ना? जा. चहा मी करून घेतो." केंद्राने वेळ ठरवून दिली म्हणून आईला वेळ मिळाला. एरवी तिचा वेळ हा सगळ्यांचा होता.

हे नवल आमच्यापुरतेच होते असे नाही. विलायतेतल्या दूरचित्रवाणीचा जुना इतिहास वाचला तेव्हा मला विठ्ठलवाडीच आठवत राहिली. तिथे बीबीसीने नोव्हेंबर १९३६मध्ये नियमित कार्यक्रम सुरू केले. महायुद्ध सुरू झाले तशी दूरचित्रवाणी बंद झाली ती जून १९४६मध्ये पुन्हा सुरू झाली. आणि २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला, त्या दिवशी काय झाले? आपापल्या घरी टीव्हीवर तो सोहळा पाहणारे होते सुमारे ७८ लाख. आणि शेजाऱ्यांच्या, मित्रांच्या घरी जाऊन पाहणारे सुमारे एक कोटी चार लाख! म्हणजे आपल्याला वाटते की दार लावून, दोन हात अंतर राखून राहणारा हा समाज. पण त्या दिवशी निम्म्याहून अधिक प्रेक्षक दुसऱ्याच्या सतरंजीवर, म्हणजे गालिच्यावर, बसलेले होते. त्यांच्याही त्या घरांत एक-एक अम्मा असणार, आणि पापडाऐवजी काही दुसरे देत असणार.

त्यांच्या त्या दिवसाला आणखी एक गंमत होती. संध्याकाळी सहा ते सात पडदा मुद्दाम कोरा ठेवीत. का? तर लहान मुलांना निजवता यावे म्हणून. मुलांचे कार्यक्रम सहाला संपवायचे, थोरांचे सातला सुरू करायचे, आणि मधला तास आयांना द्यायचा. फेब्रुवारी १९५७मध्ये ही प्रथा मोडली. मोडली ती बरेच झाले असे पुष्कळांना वाटले असेल. लोकांच्या मुलांनी कधी निजावे हे सरकारी यंत्राने का ठरवावे, हा प्रश्न रास्तच आहे. पण मला त्या कोऱ्या तासाचे अप्रूप वाटते. दाखवायला चित्रे असताना ती न दाखवण्याचा विवेक एका यंत्राच्या अंगी एके काळी होता, ही गोष्ट लहान नाही.

आता अम्मांबद्दल सांगितले पाहिजे, कारण त्या दिवसाचा खरा प्रेक्षक त्याच होत्या. त्यांना मराठी येत नव्हते. चित्रपटात त्यांना गोडी नव्हती. त्यांचा कार्यक्रम एकच: 'आमची माती आमची माणसं'. त्यात कुणी शेतकीतज्ज्ञ कीड कशी मारावी ते सांगे, कुणी शेतकरी आपल्या गव्हाची लोंबी हातात धरून दाखवी, आणि अम्मा पुढे सरकून बसत. मला जवळ ओढून विचारीत, "पुट, क्या बोला?" मी सांगे, "अम्मा, तो म्हणतो की पाणी बेताने द्या." त्या मान हलवीत आणि पडद्यावरच्या माणसाशी सिंधीत वाद घालीत. आम्ही पोरे हसत असू. शिकारपूरच्या बाजूला त्यांची शेती होती. सक्करचा मोठा बंधारा १९३२ साली झाला आणि कालव्याचे पाणी आले, ते त्यांनी लहानपणी पाहिलेले. त्या सांगत, "तब हमारी सरकार बंबई थी." आम्हांला ते म्हातारपणाचे बोलणे वाटे, पण ते अक्षरशः खरे होते. १९३६पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे त्या ज्या मुंबई सरकारच्या राज्यात जन्मल्या, त्याच मुंबईच्या जवळ येऊन राहिल्या होत्या, आणि तरी परक्या मुलखात होत्या.

एका संध्याकाळी आम्ही गेलो तो पडद्यावर नुसत्या मुंग्या. आवाजही नाही, नुसती खरखर. अम्मांचा नातू कौलांवर चढलेला होता आणि अम्मा अंगणात उभ्या राहून त्याला हाताने खुणा करीत होत्या. सांगाडा वरळीकडे वळलेला नव्हता. तो पार वायव्येला वळवलेला होता. आमच्या चाळीत रेल्वेच्या तारायंत्र खात्यातले एक काका होते. ते धावत आले. "अम्मा, हे काय? उलटीकडे केलेत की!" अम्मा म्हणाल्या, "उधर कराची है ना?" कराचीला टीव्ही आहे असे त्यांना कुणीतरी सांगितले होते, आणि ते खरेच होते, तिथे तो १९६६पासून होता. काकांनी त्यांना समजावले. या लहरी सरळ जातात, पृथ्वी गोल आहे, कराची इथून सुमारे नऊशे किलोमीटर, ते सगळे क्षितिजाच्या खाली. अम्मांनी शांतपणे ऐकून घेतले. मग आत येऊन त्या टीव्हीसमोर बसल्या आणि त्या मुंग्यांकडे पाहत राहिल्या. किती वेळ, कुणास ठाऊक. बातम्यांची वेळ टळून गेली. ओसरीत वीस-पंचवीस माणसे होती. त्या दिवशी गुरुवार होता, 'छायागीत' बुडत होते. पण एकही जण बोलला नाही. माझी आई उठली आणि अम्मांच्या शेजारी जाऊन बसली. अखेर अम्माच म्हणाल्या, "चल पुट, घुमा दे." नातवाने नळ फिरवला. "आले का?" "आले!"

शास्त्रज्ञ सांगतात की त्या मुंग्यांत एक अगदी लहानसा अंश विश्वाच्या आरंभापासून निघालेल्या किरणांचा असे. हे मला तेव्हा ठाऊक असते तर मी अम्मांना सांगितले असते काय? नसते सांगितले. त्यांना विश्वाचा आरंभ नको होता. त्यांना एक कालवा आणि एक शेत पाहिजे होते.

पुढे दिवस पालटले. १९८२च्या १५ ऑगस्टला रंग आले, देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम दिसू लागला, नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ झाले, आणि चाळीत एकेका घरी टीव्ही येऊ लागला. आमच्याकडेही आला. त्या रात्री आम्ही आपल्याच घरात, आपल्याच चटईवर बसून कार्यक्रम पाहिला, आणि बाबांना धन्य वाटले. वाटायलाच पाहिजे होते. त्यासाठी त्यांनी किती जादा पाळ्या केल्या होत्या ते मी पाहिले होते. अम्मा ते पाहायला नव्हत्या. त्या १९८०च्या थंडीत गेल्या. त्यांच्या मागे ते कुटुंबही दुसरीकडे राहायला गेले.

जुने ते सोने असे मी म्हणणार नाही. एकच केंद्र, आणि तेही सरकारी. सरकारला जे दाखवायचे तेवढेच दिसायचे. आणीबाणीतल्या बातम्याही आम्ही त्याच सतरंजीवर बसून ऐकल्या, आणि त्यांत काय गाळले होते ते पुढे वर्तमानपत्रांतून कळले. ज्याच्या घरी टीव्ही नाही त्याला शेजाऱ्याच्या मर्जीवर जगावे लागे. आणि प्रत्येक शेजारी अम्मा नसतो, हे मी वर सांगितलेच आहे. आज आपापले यंत्र ज्याच्या त्याच्या हातात आहे. कुणाच्या खिडकीशी कुणाच्या पोराला उभे राहावे लागत नाही. हा लाभ मोठा आहे आणि तो मी मनापासून मान्य करतो.

पण एक गोष्ट हरवली. ती म्हणजे शेवट. दिवस संपला असे सांगणारे कुणी उरले नाही. पूर्वी आई म्हणे, "आता कार्यक्रम संपला, झोपा." आता कार्यक्रम संपत नाही; म्हणून झोपा असे कुणी कुणाला म्हणू शकत नाही. आणि ज्याला शेवट नाही त्याला ठरलेली वेळही नाही. म्हणून घरातल्या बाईला "माझी वेळ झाली" असे म्हणण्याचा जो अधिकार मिळाला होता, तोही गेला. माझी सून कचेरीतून येते, स्वयंपाक करते, आणि म्हणते, "मी नंतर बघेन, कधीही बघता येते ना!" कधीही बघता येते ते तिला कधीच बघायला मिळत नाही, हे मी रोज पाहतो. यंदा दिवाळीच्या चार दिवसांत घरच्या पुरुषांनी संध्याकाळचे दोन तास स्वयंपाकघर सांभाळायचे असे मी घरात जाहीर केले आहे. नातवाने ते कागदावर लिहून दाराला लावले आहे, वेळेसकट. माझ्या वाट्याला लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आली आहे. शंकरपाळे सूनबाईंनी आधीच करून ठेवले आहेत. वरणभाताचा कुकर मात्र मला लावता येतो.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. तो कागद तिने चष्मा लावून वाचला, दोनदा वाचला, आणि सुनेला जवळ बोलावून म्हणाली, "बस हं तू. पोळी काही पळून जात नाही."